रांगताना काठ कळत होता, चालायला लागल्यावर का कळत नाही?

रानजाई

नमस्कार. पडण्या-लागण्यावरचे इथले जुने धागे चाळले, पण ते सगळे टेंगूळ आणि औषधाकडे वळलेत. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, म्हणून वेगळा धागा काढतेय.

लेक तेरा महिन्यांची. रांगत होती तेव्हा दिवाणाच्या काठाशी आली की थांबायची, वाकून खाली बघायची, एक हात खाली सोडून चाचपायची आणि मागे फिरायची. घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं की पोरीला उंची कळते. आता ती चालायला लागलीय. त्याच दिवाणावर उभी राहते आणि माझ्याकडे बघत, हसत हसत काठापलीकडे पाय टाकते. खाली काही नाही याची तिला दखलच नसते. माझा हात आधीच पुढे असतो म्हणून निभावतं.

सासूबाई म्हणतात धीट झाली. नवरा म्हणतो डोळे तपासून घेऊ. मला पडलेला प्रश्न असा की एकदा कळलेलं असं पुसलं जातं का? आणि जात असेल तर आम्ही काय करायचं, सतत अडवायचं की थोडं पडू द्यायचं? जाणकारांनी सांगावं.

मीठभाकर

आमच्याकडे अगदी हेच चाललंय. मुलगा अकरा महिन्यांचा. वाचतोय.

सायली_फिजिओ

रानजाई, मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. हा प्रश्न आमच्याकडे सारखा येतो आणि दर वेळी पालक तितकेच घाबरलेले असतात. आधी थोडक्यात उत्तर देते: लेक काही विसरलेली नाही. ती रांगताना जे शिकली ते रांगण्यापुरतं शिकली होती. चालण्याचा धडा वेगळा आहे आणि तो तिने आत्ता कुठे उघडलाय. डोळ्यांबद्दल नेत्रतज्ज्ञ सांगतीलच.

आता सविस्तर, कारण यामागचं संशोधन मला फार आवडतं.

१९६० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मराठीत त्याला दृश्य-कडा म्हणू. जाड काचेचं मोठं टेबल, मधोमध एक फळी. फळीच्या एका बाजूला चौकड्यांचं कापड काचेला खालून चिकटवलेलं, दुसऱ्या बाजूला तेच कापड खाली जमिनीवर. म्हणजे एकीकडे जमीन हाताशी दिसते आणि दुसरीकडे खोल खड्डा दिसतो, पण काच दोन्हीकडे सारखीच भक्कम. ६ ते १४ महिन्यांच्या ३६ बाळांना फळीवर ठेवलं आणि आईने कधी या बाजूने, कधी त्या बाजूने हाक मारली. त्यातली २७ बाळं फळीवरून हलली. ती सगळी निदान एकदा तरी उथळ बाजूवर गेली. खोल बाजूच्या काचेवर जाणारी फक्त तीन निघाली.

यावरून बऱ्याच जणांनी असा अर्थ घेतला की बाळाला उंचीची भीती उपजत असते. पण ही सगळी बाळं आधीपासून रांगणारी होती, त्यामुळे उपजत काय आणि रांगता रांगता आलं काय हे या प्रयोगातून वेगळं करता येत नाही. कोंबडीचं एका दिवसाचं पिल्लू खोल बाजूवर कधीच उतरलं नाही, शेळीचं करडू उभं राहायला लागल्यापासून टाळत होतं, हेही त्याच संशोधनात आहे. ती जनावरं जन्मल्या जन्मल्या चालतात. आपलं बाळ चालत नाही.

पुढे जोसेफ कॅम्पोस यांनी एक सुंदर युक्ती केली. साधारण दोन महिन्यांच्या, म्हणजे रांगण्याच्या कितीतरी आधीच्या, बाळांना खोल बाजूच्या काचेवर पालथं ठेवून हृदयाचे ठोके मोजले. ठोके मंदावले. घाबरलं की ठोके वाढतात. मंदावतात ते लक्ष लागलं की. म्हणजे एवढ्याशा बाळाला दोन बाजूंतला फरक जाणवत होता आणि त्यात रस वाटत होता, धास्ती मात्र नव्हती. ठोके वाढायला लागले ते स्वतः हिंडण्याचा अनुभव गाठीशी आल्यावर. ज्यांचं रांगणं उशिरा सुरू झालं त्यांच्यात हा बदलही उशिरा आला.

तेव्हा खोली दिसणं आधी येतं. त्या खोलीचा आपल्या अंगाशी काय संबंध, हे मूल हिंडून शिकतं. आणि तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्याकडे आहे. रात्री लिहिते, पुढची मुलं वाट बघताहेत.

वेताळटेकडी

उत्तम प्रतिसाद. थोडं अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. या एलिनॉर गिब्सन १९४९ मध्ये कॉर्नेलला आल्या, पण नवरा तिथेच प्राध्यापक. एकाच घरातल्या दोघांना नोकरी द्यायची नाही असा तिथला नियम, म्हणून सोळा वर्षं त्यांनी बिनपगारी संशोधक म्हणून काम केलं. दृश्य-कड्याचा प्रयोग याच काळातला. १९९२ मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं.

मूळ विषयावर एक शंका. काच भक्कम असली तरी बाळाला ती कळते कशी? एकदा हात लावला की कळणारच की इथे पडत नाही. मग पुढचं सगळं मोजमाप संशयास्पद नाही का?

सायली_फिजिओ

वेताळटेकडी, बरोबर पकडलंत. डोळे सांगतात खड्डा, हात सांगतो जमीन. म्हणून अ‍ॅडॉल्फ यांनी काच काढूनच टाकली. खरे उतार, खऱ्या फटी, खरे काठ. बाळाच्या अगदी शेजारी एक प्रशिक्षित माणूस चालतो आणि तोल गेला की अलगद झेलतो.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी तीच मुलं रांगायला लागल्यापासून चालायला लागेपर्यंत पुन्हा पुन्हा एका उतारावर आणली. उताराची तीव्रता बदलता येत होती, सपाटपासून ३६ अंशांपर्यंत. रांगण्याच्या पहिल्या आठवड्यांत मुलं अशक्य उतारावरही डोकं पुढे करून निघत. हळूहळू सुधारणा होत गेली. काही महिन्यांनी हीच मुलं उताराच्या तोंडाशी थांबून, हाताने चाचपून, आपल्याला जमेल तेवढ्याच उतारावर जाऊ लागली. मग ती चालायला लागली आणि चुका पुन्हा पहिल्यासारख्या. आठवड्यांच्या शहाणपणाचा उभ्या अंगाला काही उपयोग झाला नाही. सगळ्यात थक्क करणारा भाग असा की नुकत्याच चालणाऱ्या मुलाला सर्वांत तीव्र उतारावर ओणवं ठेवलं की ते थांबायचं, आणि लगेच त्याच जागी उभं केलं की चालत निघायचं.

२००० सालच्या प्रयोगात हेच बसण्या-रांगण्याबाबत दिसलं. साडेनऊ महिन्यांची मुलं, बसण्यात मुरलेली पण रांगायला नवीन. समोर फट आणि फटीपलीकडे खेळणं. बसलेली असताना हात कुठपर्यंत पुरेल याचा अंदाज नेमका. रांगण्याच्या पवित्र्यात ठेवली की तीच मुलं फटीत.

कारण असं आहे. बसताना तोल कमरेतून सावरायचा असतो, रांगताना हात-गुडघ्यांवरून, चालताना घोट्यांतून. अंग किती झुकलं तर परत सावरता येईल याची मर्यादा प्रत्येक पवित्र्यात वेगळी. मूल 'काठ धोकादायक' असा नियम पाठ करत नाही. 'या क्षणी या अंगाने मला इथून जाता येईल का' एवढं ते ताडायला शिकतं. म्हणूनच ते शिकणं इतकं उपयोगी आहे. नाहीतर एकदा काठाला घाबरलेलं मूल जन्मभर पायरी उतरलं नसतं.

शिवाय उभं राहिलं की दिसतंही वेगळं. बाळांच्या डोक्याला छोटा कॅमेरा लावून केलेल्या निरीक्षणात आढळलं की रांगणाऱ्याला बराच वेळ समोरची जमीन दिसते, चालणाऱ्याला समोरची खोली आणि माणसं. रानजाई, तुमची लेक काठावरून जाताना तुमच्याकडे बघत असते असं तुम्हीच लिहिलंय.

रानजाई

हे वाचून खांद्यावरचं ओझं उतरलं. नवऱ्याला आत्ताच मोठ्याने वाचून दाखवलं.

निशिगंध

सायली, मग पडून पडूनच शिकणार का? आमचा लेक तर दिवसभर पडतो. एकदा कपाळाला चांगलंच लागलं, तरी दुसऱ्या मिनिटाला तिथेच.

सायली_फिजिओ

पडणं हा त्या वयाचा नित्यक्रम आहे. अ‍ॅडॉल्फ यांच्याच २०१२ च्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळताना मोजली. तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. यातलं बहुतेक पडणं बुडावर किंवा हातांवर, आणि मूल लगेच उठतं. या छोट्या पडण्यातून शरीर सावरायला शिकतं, म्हणून त्याला घाबरू नका. सपाट जमिनीवर पडलं तर लगेच उचलून घेऊ नका, उठू द्या.

पण मोठं पडून अद्दल घडते, ही समजूत सोडून द्या. उतारांच्या अभ्यासात घरी जोरात पडलेली मुलं इतरांपेक्षा सावध आढळली नाहीत. फरक पडत होता तो सरावाच्या आठवड्यांनी. काठावरून पडू दिल्याने शहाणपण येत नाही, फक्त इजा होते.

नेत्रदीप

मी बालनेत्रविभागात काम करतो. रानजाई, तुम्ही लिहिलंय त्यावरून डोळ्यांची शंका मलाही वाटत नाही, तरी तपासणी केव्हा हवी ते सांगतो, कारण धागा बरेच पालक वाचताहेत.

खोलीची जाण एका झटक्यात येत नाही. अंगावर येणारी वस्तू पाहून डोळे मिटणं महिन्याभराच्या आसपास दिसायला लागतं. दोन डोळ्यांच्या प्रतिमांतला बारीक फरक जोडून मेंदू खोली काढतो, ती क्षमता तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात येते, आणि ज्या बाळात येते त्यात काही आठवड्यांतच झपाट्याने वाढते. सावली, एकामागे एक झाकलेल्या वस्तू, लांब जाताना लहान होणाऱ्या रेषा, यांवरून अंदाज बांधणं पाच ते सात महिन्यांत.

यातली दोन डोळ्यांची जोडणी नाजूक असते. दोन्ही डोळे एकाच गोष्टीवर रोखलेले असतील तरच ती घडते. पहिल्या तीन-चार महिन्यांत डोळा मधूनच सरकणं चालतं. त्यानंतरही एखादा डोळा आत किंवा बाहेर वळत असेल, सतत असो वा दमल्यावर, तर दाखवाच. 'तिरळा डोळा भाग्याचा', 'मोठेपणी आपोआप जाईल' हे ऐकून वर्षं घालवलेली मुलं मी बघतो आणि फार वाईट वाटतं. मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि तो डोळा आळशी होतो. ह्यूबेल आणि वीझेल यांना १९८१ चं नोबेल मिळालं त्यात हाही भाग होता: लहानपणीच्या ठरावीक काळात एक डोळा झाकला गेला तर मेंदूतली त्याची जागा दुसरा डोळा घेतो. काही बाळांचं नाक चपटं आणि रुंद असल्याने डोळे नुसतेच तिरळे भासतात, पण ते ठरवायचं काम तपासणाऱ्याचं.

आणि एक कळकळीने. बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल तर जन्मल्यापासून तीस दिवसांच्या आत पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. बाळ छान दिसतंय म्हणून थांबू नका. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना होणाऱ्या पडद्याच्या आजारात सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही.

कवडसा

नेत्रदीप, तुमचं वाचून प्रश्न विचारायचं धाडस करतेय. माझ्या मुलाला जन्मतः एका डोळ्यात मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया झाली, चष्मा आणि पट्टी चालू आहे, पण त्या डोळ्याची नजर फारशी येणार नाही असं सांगितलंय. आता आठ महिन्यांचा आहे, पोटावर सरकतो. त्याला उंची-खोली कळेल का? पायऱ्या, रस्ता, खेळ...

नेत्रदीप

कवडसाताई, कळेल. खोली सांगणाऱ्या खुणा पुष्कळ आहेत आणि दोन डोळ्यांची जोडणी ही त्यातली फक्त एक. डोकं हलवलं की जवळची वस्तू भराभर सरकते आणि लांबची सावकाश. ही खूण एका डोळ्यालाही पूर्ण मिळते. १९६२ मध्ये याच रिचर्ड वॉक यांनी एकाच डोळ्याने बघणाऱ्या दहा महिन्यांच्या बाळाला दृश्य-कड्यावर ठेवलं होतं. त्याने खोल बाजू टाळली.

सुईत दोरा ओवणं, जवळून आलेला चेंडू पकडणं यात थोडा जास्त वेळ लागेल. चालणं, जिना, धावणं तो शिकेल. मन मोकळं करून जमिनीवर खेळू द्या. पट्टी मात्र सांगितलीय तितके तास न चुकता. ती त्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याच्या उरलेल्या नजरेसाठी आहे.

आपल्या देशातलाच एक दिलासा सांगतो. पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात दिल्लीला जन्मांध मुलांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून नंतर त्यांची दृष्टी अभ्यासली जाते. २०१५ च्या त्यांच्या अभ्यासात ८ ते १६ वर्षांच्या मुलांना दृष्टी मिळाल्यावर लगेचच, दूर जात एकत्र येणाऱ्या रेषांचं चित्र दाखवलं. आपल्याला अशा चित्रात दोन सारख्याच आडव्या रेघांतली लांबची रेघ मोठी भासते. त्यांनाही तशीच भासली. वर्षानुवर्षं बघितल्याशिवाय हे जमणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. मेंदूची तयारी आपण समजतो त्याहून बरीच असते.

कवडसा

तुम्हाला कल्पना नाही या उत्तराने काय केलंय. मनापासून आभार.

आजोळ

चार नातवंडं माझ्या हाताखालून गेलीत, म्हणून लिहिते. आमचं घर रत्नागिरीकडचं. जोतं उंच, ओटीच्या कडेला कठडा नाही. मूल रांगायला लागलं की दाराला आडवी फळी लागायची, इतकी उंच की ओलांडता येऊ नये आणि पलीकडचं दिसावं. फळी धरूनच पोरं उभी राहायची. मग पांगुळगाडा. आत्ताच्या त्या चाकांच्या खुर्चीसारख्या वॉकरमध्ये नातवाला बसवलेलं मला मुळीच आवडलं नाही, पण सून म्हणाली सगळेच वापरतात. सायली, तुझं काय मत?

टोरंटोकर

आजोळ काकू, तुमचं बरोबर आहे. इथे कॅनडात २००४ पासून बसायच्या वॉकरवर बंदी आहे. विकायला, आयात करायला, जुना म्हणून कुणाला द्यायलाही. भारतातून येताना बहिणीने प्रेमाने घेतलेला वॉकर आम्ही म्हणूनच आणला नाही. जिन्यावरून पडून डोक्याला होणाऱ्या इजा हे मुख्य कारण. अमेरिकेत बंदी नाही, पण तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना कित्येक वर्षं ती मागतेय. १९९० ते २०१४ या काळात वॉकरमुळे इजा होऊन तिथल्या आपत्कालीन विभागात आलेल्या पंधरा महिन्यांखालच्या मुलांची संख्या २ लाख ३० हजारांवर धरली आहे, आणि त्यातली सुमारे तीन चतुर्थांश जिन्यावरून पडलेली.

मीठभाकर

पण वर सायलीताईंनी लिहिलंय की हिंडण्याच्या अनुभवाने खोलीची जाण येते. मग वॉकरने तो अनुभव लवकर मिळणार नाही का?

सायली_फिजिओ

मीठभाकर, प्रश्न रास्त आहे, आणि कॅम्पोस यांच्याच एका प्रयोगात न रांगणाऱ्या पण वॉकरमध्ये फिरलेल्या मुलांचे ठोके खोल बाजूवर वाढले होते, हे खरं आहे. स्वतः हिंडल्याने फरक पडतो हा त्याचा अर्थ. १९६३ चा हेल्ड आणि हाइन यांचा मांजरीच्या पिल्लांवरचा प्रयोग हेच सांगतो. अंधारात वाढवलेल्या दोन पिल्लांना एका फिरत्या दांड्याच्या दोन टोकांना ठेवलं. एक स्वतःच्या पायांनी चालायचं, दुसरं झोळीत बसून तेवढंच फिरायचं. दिसत होतं दोघांना सारखंच. पण कड्यावर ठेवल्यावर चालणाऱ्या पिल्लाने खोल बाजू टाळली, झोळीतल्याने टाळली नाही.

तरी वॉकर नकोच. ठोके वाढले म्हणजे मूल वेळेवर थांबतं असं नाही. वॉकरमध्ये ते सेकंदाला मीटरभर जाऊ शकतं, तेवढ्यात कुणाचाच हात पोचत नाही. कडेच्या ताटलीमुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत. तोल खुर्ची सांभाळते, म्हणजे जे शिकायचं तेच बाजूला राहतं. चालणं लवकर येतं हाही गैरसमज आहे. वॉकर वापरणारी मुलं बसणं, रांगणं, चालणं उलट उशिरा शिकल्याचं आढळलंय.

आजोळ काकूंचा पांगुळगाडा वेगळा. मूल मागे उभं राहून स्वतःच्या पायांनी ढकलतं, पाय दिसतात, सोडला की उभं राहावं लागतं. चाकं फार सैल नकोत आणि आसपास पायरी नको. आणि दाराची फळी तर मला फारच आवडली. धोका बंद, आणि मुलाला धरून उभं राहायला आधार.

वेताळटेकडी

आईच्या चेहऱ्याचा काही परिणाम होतो का? आमच्या घरी कुणी 'अगं बाई!' म्हणून किंचाळलं की मूल जागच्या जागी बसतं.

सायली_फिजिओ

होतो, आणि त्यावर १९८५ चा प्रसिद्ध अभ्यास आहे. वर्षभराच्या मुलांसाठी खोल बाजू फक्त ३० सेंटिमीटर खोल दिसेल अशी ठेवली, म्हणजे जावं की नाही अशी दुविधा. पलीकडे आई हसतमुख असली तर १९ पैकी १४ मुलं गेली. आईच्या चेहऱ्यावर भीती असली तर १७ पैकी एकही नाही. पण हे दुविधेच्या वेळीच चालतं. दीड वर्षांच्या मुलांना उतारावर आईने 'ये' किंवा 'नको' म्हटलं, तेव्हा स्पष्ट सोप्या किंवा स्पष्ट अवघड उतारावर त्यांनी आपलंच खरं केलं. आईचं ऐकलं ते मधल्या उतारांवर.

म्हणून ओरडणं खऱ्या धोक्यासाठी राखून ठेवा. दर पावलाला 'पडशील, पडशील' ऐकणाऱ्या मुलाला त्यातून काहीच कळत नाही.

रानजाई

आता शेवटचं. दिवाणावरून उतरायला शिकवायचं कसं?

सायली_फिजिओ

पाय आधी, पोट टेकून. काठाशी आली की तिला हातांनी वळवा, पोटावर झोपवा आणि पाय खाली सोडून जमीन लागेपर्यंत कमरेला आधार द्या. तोंडाने 'मागे वळ, पाय खाली' म्हणत राहा. हे त्या वयाला अवघड जातं, कारण जिकडे जायचं तिकडे पाठ करावी लागते. पटकन आलं नाही तर घाई नको. सुरुवात जमिनीवरच्या गादीच्या काठापासून करा, मग बुटकी पायरी, मग दिवाण. येईपर्यंत दिवाणावर एकटी सोडू नका. भिंतीकडच्या उशांवर विसंबू नका, मूल त्यांच्यावर चढतं. अनवाणी खेळू द्या, पाय जमीन चाचपतात.

आणि काही गोष्टी सरावावर सोडायच्याच नाहीत. जिन्याला वर आणि खाली फाटक. खिडकी आणि गॅलरीला मुलाचं डोकं जाणार नाही इतकी अरुंद जाळी, आणि तिच्याजवळ खुर्ची, स्टूल, कुंडी काही नको. मोरीतली बादली पालथी.

निशिगंध

माझी भाची वर्षाची झाली, रांगलीच नाही. ढुंगणावर सरकते. काळजीचं आहे का? खोलीची जाण कच्ची राहील का?

सायली_फिजिओ

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यात दिल्लीची मुलंही होती. हात-गुडघ्यांवर न रांगता पुढे गेलेली मुलं ४.३ टक्के निघाली. स्वतंत्र चालणं ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही आलेलं. सरकूनही ती स्वतःच हिंडतेय, त्यामुळे काठ तीही शिकेल, बसलेल्या अंगाने शिकेल इतकंच. एकाच बाजूचा हात-पाय कमी वापरत असेल, अंग फार कडक किंवा फार सैल वाटत असेल, किंवा अठराव्या महिन्यापर्यंत चालली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.